मदत हवी आहे: २३ माणसं, तीन पिढ्या आणि एक थीम पार्क. परभणीहून कुठं जावं?

दुधनाकाठ:

नमस्कार मंडळी. आमच्या अण्णांचं, म्हणजे सासऱ्यांचं, सहस्रचंद्रदर्शन औंदा घरातल्या घरात उरकलं. मांडव नको, आचारी नको, आहेर तर मुळीच नको, असं त्यांनी आधीच बजावलं होतं. "त्या पैशात समद्यांला कुठंतरी हिंडवून आणा," एवढं बोलून ते मोकळे झाले. तेव्हापासून घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज नवी जागा निघायलीय. नवरा आणि दोघे दीर म्हणतात, "वहिनी, तुम्ही ठरवा, आम्ही गाडीचं बघतो." म्हणजे ठरवायचं माझ्यावर आलं.

माणसं अशी: अण्णा ८१ वर्षांचे, अँजिओप्लास्टी झालेली, पण चालतात बरे. सासूबाईंचे गुडघे गेलेत, शंभर पावलांनंतर बसायला जागा लागते. चुलत सासरे आणि काकू, दोघांनाही शुगर. आम्ही तिघी जावा आणि तिघे भाऊ. दोन नणंदा आणि दोघे दाजी, एक लातूरचे, एक संभाजीनगरचे. लेकरं नऊ, सगळ्यात मोठा इंजिनिअरिंगला, सगळ्यात धाकटी तीन वर्षांची. आणि धाकट्या जाऊबाईंना दिवस गेलेत, सहलीपर्यंत पाचवा महिना असेल.

पोरांना इमॅजिका पाहिजे. दुसरं काही ऐकूनच घेत नाहीत. दाजी म्हणतात हैदराबादची रामोजी फिल्म सिटी. काकूंचं म्हणणं, शिर्डी करू, दर्शनही होईल आणि तिथं वॉटर पार्कही आहे. नवऱ्याला अजून शाळेच्या सहलीतलं एस्सेलवर्ल्ड आठवतं, गोराईच्या खाडीतून बोटीनं जायचं ते. ते २०२२ मध्येच बंद झालं, हे त्याला दोनदा सांगून झालं.

वेळ डिसेंबर-जानेवारीतच. त्याआधी सोयाबीनची काढणी आणि हरभऱ्याची पेरणी, उन्हाळ्यात आमच्याकडचं ४२-४३ चं ऊन, आणि मृगानंतर वावर सोडून कोणी हलत नाही. घरी दोन म्हशी आहेत. धारा काढायला सालगडी तयार आहे, पण चार रात्रींच्या वर तो ऐकणार नाही.

माझी एकच अट आहे. फार्महाऊस घेऊन तिथं स्वयंपाक करायचा, ही कल्पना मोठ्या दिरांनी मांडली होती, ती मी तिथल्या तिथं खोडली. २३ माणसांच्या पोळ्या मी घरी लाटते, त्यासाठी गाव सोडायची गरज नाही.

आणि एक नाजूक प्रश्न. पैसे कसे वाटायचे? जावयांकडून हिस्सा मागायचा का? नणंदा म्हणतात आम्ही देणार. सासूबाई म्हणतात, लेकी-जावयाकडून पैसे घेतले तर मी येणारच नाही.

जालनेकर:

ताई, आम्ही १४ जण इमॅजिकाला जाऊन आलो, म्हणून सांगतो. पार्क चांगलं आहे यात वाद नाही. पण ते खोपोलीजवळ, मुंबई-पुणे एक्सप्रेसवेला लागून. परभणीहून साडेचारशेच्या आसपास किलोमीटर पडतं. जाण्यात एक दिवस, येण्यात एक दिवस, आणि मधला अख्खा दिवस पायावर. तुमच्या सासूबाईंना ते जमायचं नाही.

दुसरं म्हणजे तिथली खरी मजा नायट्रो, स्क्रीम मशीन, डेअर ड्रॉप असल्या पाळण्यांत. हृदयाचे पेशंट, गरोदर बायका, पाठीचं दुखणं असलेले, यांना त्यात बसू देत नाहीत, आणि बरोबरच आहे. प्रत्येक पाळण्याच्या दाराशी उंची मोजायची पट्टी असते. लेकरू दोन बोटांनी कमी भरलं तरी परत पाठवतात, मग ते जे रडतं ते संध्याकाळपर्यंत. निघायच्या आधी घरीच भिंतीला उभं करून उंची मोजा आणि वेबसाइटवर बघून कोणाला काय मिळणार ते सांगून टाका. तुमच्या २३ पैकी तिथं जीव रमेल असे सात-आठच. बाकीचे बाकड्यावर बसून पिशव्या सांभाळणार, तिकीट मात्र सगळ्यांचं.

शिर्डीचं बोलाल तर वेट अँड जॉयमध्ये पोरं खूश होतील, आणि साई तीर्थ हे भक्तीचं थीम पार्क बसून बघायचं आहे, वडीलधाऱ्यांना झेपतं. तुम्हाला जालन्यापर्यंत आलं की समृद्धी मिळते, पुढचा रस्ता लोण्यासारखा. पण डिसेंबरात पाण्यात कोण उतरणार? शिवाय वॉटर पार्कमध्ये साडी किंवा सुती कपडे चालत नाहीत, नायलॉनचे कपडे लागतात. काकूंना हे आधी सांगा, नाहीतर दारात भांडण होईल. नाताळच्या सुट्टीपासून नव्या वर्षापर्यंत शिर्डीत दर्शनाची रांगही बघवत नाही.

उगाच_आपलं:

मोठ्या कुटुंबाची सहल म्हणजे बायकांना जागा बदलून तीच कामं. दोन गट करा आणि वेगवेगळं पाठवा. सगळ्यांनी एकत्रच जायला पाहिजे हा हट्ट कशासाठी?

दुधनाकाठ:

हट्ट अण्णांचा आहे, आणि ८१ वर्षांच्या माणसाचा एवढा एक हट्ट पुरवायला काही हरकत नाही. पण दिवसभर सगळ्यांनी एकमेकांना चिकटून राहायलाच पाहिजे असं ते म्हणालेले नाहीत, हे मात्र तुमच्यामुळं सुचलं.

जालनेकर दादा, सात-आठचा हिशेब बरोबर आहे. मी नावं लिहून बघितली, सातच निघाले.

लातूरची_लेक:

मग रामोजीच करा. आम्ही सासर-माहेर एकत्र करून गेलो होतो, माणसं तुमच्याएवढीच. ते थीम पार्क कमी आणि फिरायचं गाव जास्त. १९९६ साली सुरू झालेलं, जगातलं सगळ्यात मोठं फिल्म स्टुडिओ संकुल म्हणून गिनीजमध्ये नोंद आहे. आत त्यांच्याच बसमधून फिरवतात, त्यामुळं म्हाताऱ्या माणसांचं बरंच चालणं वाचतं. महाभारताचा सेट, भागवताचा सेट, बाहुबलीचा सेट, पक्ष्यांचं आणि फुलपाखरांचं पार्क, जपानी बाग. आमच्या आत्याबाई भागवताच्या सेटवर हात जोडून उभ्या राहिल्या, देऊळ नाही म्हणून सांगितलं तरी ऐकेनात. लहान लेकरांना फंडुस्तान नावाची खेळायची जागा, मोठ्यांना स्टंट शो आणि नाच. शोला बसायला मिळतं, हे सासूबाईंसाठी महत्त्वाचं.

तरी बसमध्ये चढउतार होतेच, दिवसातून बऱ्याचदा. गुडघे दुखणाऱ्यांनी सगळं बघायचा आग्रह धरू नये. एक शो झाला की सावलीत बसवून द्यायचं आणि बाकीच्यांनी एक चक्कर मारून यायचं. बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाहीत, तेव्हा धपाटे, दशम्या आणि तिळाची चटणी प्रवासापुरतीच. शुगरवाल्यांची औषधं आणि सोबतचं थोडं काही याबद्दल गेटवर आधीच बोलून घ्या.

पोरांचा इमॅजिकाचा हट्ट मोडायचा नसेल तर हैदराबादलाच वंडरला आहे, २०१६ पासून. मोठे पाळणे, रोलर कोस्टर, पाण्याचं सगळं. आउटर रिंग रोडवरून दोन्हीकडं जाता येतं. सात जणांना एक दिवस तिकडं सोडा, बाकीच्यांना चारमिनार, लाड बाजारातल्या बांगड्या आणि सालारजंग म्युझियम. म्युझियम शुक्रवारी बंद असतं, तेवढं बघून वार ठरवा. आमच्याकडची जुनी माणसं हैदराबादला परकं समजतच नाहीत. तुमचे अण्णा निजामाच्या राजवटीत जन्मलेले, पोलीस ॲक्शनच्या वेळी, म्हणजे निजामाचं राज्य भारतात आलं तेव्हा, चार-पाच वर्षांचे असतील. त्यांना तिथं नेलं की ते तुम्हालाच वाट दाखवायला लागतील.

आमच्यासारखं येळवस, म्हणजे वेळ अमावस्येचा वावरातला सण, असेल तुमच्याकडं तर ती अमावस्या सोडून तारीख काढा.

रेल्वेवेडा_पूर्णा:

गाड्यांचं मी सांगतो. परभणीहून हैदराबादकडं अजिंठा एक्सप्रेस रात्रीची आणि देवगिरी दिवसाची. अजिंठा परभणीला मध्यरात्री बारानंतर येते, म्हणजे तिकिटावर पुढच्या दिवसाची तारीख लागते. शनिवारी रात्री निघायचं म्हणून शनिवारचं तिकीट काढणारे दर महिन्याला एकदोघं स्टेशनवर भेटतात, गाडी आदल्या रात्रीच गेलेली असते.

आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं, १२० दिवसांचा जमाना १ नोव्हेंबर २०२४ ला संपला. एका तिकिटावर सहाच माणसं, म्हणजे तुम्हाला किमान चार तिकिटं. त्यात एक गोम आहे. अण्णा आणि सासूबाईंचं तिकीट त्या सहांत घालू नका. ज्येष्ठांच्या खालच्या बर्थचा कोटा एकट्या किंवा दोघांच्याच तिकिटाला लागू होतो, सोबत तरुण माणूस टाकला की तो जातो. दोघांचं वेगळं काढा. काका-काकूंचंही तसंच. पुरुषाला ६० आणि बाईला ४५ पूर्ण लागतात, म्हणजे ताई, तुम्ही आणि थोरल्या नणंदबाईही कदाचित त्यात बसाल, राग मानू नका. ज्येष्ठांची भाड्यातली सवलत मात्र मार्च २०२० पासून बंदच आहे. तत्काळच्या भरवशावर तर अजिबात राहू नका, तिथं एका तिकिटावर चारच जण आणि ऑनलाइन काढायला आधार जोडलेलं रेल्वेचं खातं पाहिजे.

गाडीच करायची असेल तर एसटीची बस प्रासंगिक करारावर मिळते, आगारात चौकशी करा. महिलांना अर्धं तिकीट आणि ७५ वर्षांवरच्यांना मोफत प्रवास हे नेहमीच्या फेऱ्यांना, करारावर किलोमीटरनं पैसे. तेलंगणात जायचं म्हणजे खासगी गाडीवाल्याकडं तिकडचं परमिट आहे का ते आधी विचारा आणि टोल, परमिट, ड्रायव्हरचा भत्ता कोणाकडं हे कागदावर लिहून घ्या. तोंडी ठरलेलं सीमेवर बदलतं.

नांदेडची_मावशी:

दुधनाकाठ बाई, तीन वर्षांची लेक आहे ना घरात? मग रस्त्यात बासरचं सरस्वतीचं देऊळ करा. सरस्वतीपुढं अक्षराभ्यास करून घ्या, पाटीवर पहिलं अक्षर पणजोबांच्या मांडीवर बसून. नाही, तुमचे तर आजोबाच. काकूंना देवदर्शन पाहिजे होतं तेही झालं, शिर्डीचा प्रश्नच मिटला. आमच्या घरातल्या सगळ्या लेकरांचं तिथंच झालं. वसंत पंचमीला मात्र पाय ठेवायला जागा नसते.

संक्रांतीच्या आधीचे दोन-तीन दिवस टाळा. हैदराबादची सगळी आंध्रातली माणसं तेव्हा गावी निघतात आणि विजयवाड्याचा रस्ता तुंबतो. फिल्म सिटी त्याच रस्त्यावर आहे.

आता जावयांचं. त्यांच्याकडून हिस्सा मागू नका, पण त्यांना देऊही द्या. आम्ही काय केलं, की गाडी आणि राहणं आईच्या नावावर टाकलं. तिकिटं ज्याची त्यानं आपापल्या घरापुरती काढली. एक दिवसाचं जेवण जावयांनी स्वतःहून उचललं, त्याला हिस्सा म्हणायचं नाही, पार्टी म्हणायचं. मान राहतो आणि भारही वाटला जातो. फक्त रोजच्या चहा-पाण्याचा हिशेब एका पोराकडं द्या. मोठ्यांकडं दिला की "राहू दे, राहू दे" करत शेवटी एकाच्याच खिशाला चाट बसते.

दुधनाकाठ:

सगळ्यांचे आभार. काल रात्री जेवणं झाल्यावर हे सगळं मोठ्यानं वाचून दाखवलं. इमॅजिका गेली म्हणून पोरं दहा मिनिटं फुगली, मग वंडरलाचे व्हिडिओ सापडले आणि आता त्यांना त्यांचीच निवड वाटायलीय. रेल्वेवेडा दादा, ४५ च्या वाक्यावर नणंदबाई फोनवरच खवळल्या, पण खालचा बर्थ पाहिजे म्हणाल्या.

ठरलं ते असं. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, नवीन वर्षाची गर्दी ओसरल्यावर आणि संक्रांतीच्या बरंच आधी. लेकरांच्या शाळा दोन-तीन दिवस बुडतील, मी स्वतः मास्तरीण असून हे लिहितेय. परभणीहून सगळे एका बसनं पहाटे निघून बासर, तिथून निजामाबादवरून हैदराबाद. दुसऱ्या दिवशी फिल्म सिटी, सगळ्यांनी एकत्र. तिसऱ्या दिवशी दोन गट. येताना अण्णा, सासूबाई आणि काका-काकू देवगिरीनं, सोबतीला माझा नवरा. तो दुसऱ्या डब्यात बसेल, पण खालचे बर्थ जाऊ देणार नाही. धाकट्या जाऊबाईंच्या डॉक्टरांना विचारलं, ते म्हणाले प्रवास चालेल, दर दोन तासांनी थांबा, पाळणे एकही नाही.

पैशाचं मावशींनी सांगितलं तसंच. बस अण्णांच्या नावानं, कापूस विकला की त्यातून. राहण्याचं आम्ही तिघे भाऊ-भावजया. लातूरच्या दाजींनी लगेच "एक रात्रीची बिर्याणी माझ्याकडं" म्हणून टाकलं. सासूबाई माळकरी, त्यामुळं त्या रात्री त्यांच्यासाठी वेगळं ताट बघावं लागेल.

आता दोनच गोष्टी राहिल्या. राहायचं कुठं, फिल्म सिटीतल्याच हॉटेलात, की हयातनगर-एल. बी. नगरकडं साधी लॉज बघावी? एल. बी. नगरला मेट्रो आहे, लेकरांना तीही बघायचीय. पण खोल्या तळमजल्यावर किंवा लिफ्टच्या जवळ मिळतील का, हे कोणी राहून आलेलं असेल तर सांगा. आणि बासर ते हैदराबाद रस्त्यावर बायकांना जाता येईल असं स्वच्छ बाथरूम असलेले ढाबे कोणते? गडीमाणसांना विचारलं तर सगळेच चांगले आहेत म्हणतात.