अनुभव धागा: खोलीत एक प्लग पॉइंट वाढवताना

धागाकर्ती, सुदामानगर, इंदूर
आमच्या मागच्या खोलीत ऑफिसचं टेबल आलंय आणि खोलीत प्लग एकच, तोही दाराजवळच्या बोर्डवर. सध्या एक्स्टेंशनची वायर पलंगाखालून टेबलापर्यंत गेलीये. केर काढणाऱ्या मावशी रोज तिच्या नावाने बोटं मोडतात. मिस्त्री बघून गेला. ह्यांना म्हणाला, "भिया, पंखे वाले बोर्ड से लूप मार देते हैं, आधे घंटे का काम है." म्हणजे त्याच बोर्डातून तार पुढे ओढायची. लॅपटॉप, मॉनिटर, टेबललॅम्प एवढंच असतं तर मीही हो म्हटलं असतं, तिन्ही मिळून एक अँपिअरच्या आसपास. पण थंडीत सासूबाई ह्याच खोलीत हीटर लावतात. २००० वॉटचा हीटर म्हणजे २३० व्होल्टवर जवळजवळ ९ अँपिअर, आणि पंखा-दिव्याच्या लाइनवर एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच) ६ अँपिअरचा. म्हणून डीबीपासून (घरातल्या सगळ्या लाइनी जिथून निघतात त्या मेन बोर्डापासून) वेगळी लाइन ओढायचा विचार आहे. तुम्ही लाइन कुठून घेतलीत, भिंत फोडलीत की पट्टी मारलीत, आणि उघडल्यावर आत काय निघालं, ते सविस्तर लिहा. "मिस्त्रीला विचारा" हे उत्तर नको, त्याला विचारून झालंय.

रामबागकर
आत काय निघालं विचारताय म्हणून लिहितो. आमचं घर आजोबांच्या वेळचं, अर्ध्या खोल्यांत अजून लाकडी पट्टीवरची बॅटन वायरिंग. दोनच तारा, अर्थिंगची (गळणारा करंट जमिनीत नेणारी) तारच नाही. तरी स्वयंपाकघरात आधीच्या कारागिराने बसवून दिलेला तीन पिनचा पॉइंट होता आणि फ्रिज त्यावर वर्षानुवर्षं चालू होता. शेजारी मिक्सरसाठी आणखी एक पॉइंट हवा होता. नव्या कारागिराने आधी टेस्ट लॅम्प लावला: एक टोक फेजला (करंट आणणाऱ्या तारेला), दुसरं वरच्या जाड भोकात. बल्ब झकास पेटला. आई म्हणाली, "बघ, अर्थिंग आहे की!" तो काहीच बोलला नाही. मेन बंद केलं, टेस्टर आधी चालू पॉइंटवर तपासून मग इथे लावला आणि प्लेट उघडली. मागे बोटाच्या पेराएवढा काळ्या वायरचा तुकडा, न्यूट्रलच्या (करंट परत नेणाऱ्या तारेच्या) स्क्रूपासून अर्थच्या स्क्रूपर्यंत. अर्थिंग नव्हतंच, न्यूट्रलच वर जोडून ठेवला होता. म्हणजे मागे कुठे न्यूट्रल तुटला असता तर फ्रिजच्या पत्र्यावर पूर्ण २३० व्होल्ट आले असते, आणि टेस्ट लॅम्पला हे कळत नाही, कारण न्यूट्रलवरही तो तसाच पेटतो. नवा पॉइंट राहिला बाजूला. आधी अंगणात अर्थिंगचा खड्डा, पाइप, कोळसा-मीठ, तिथून हिरवी तार डीबीपर्यंत. मिक्सर तोवर बंद. आईने पाट्यावर चटणी वाटली आणि तेवढे दिवस सगळ्यांना ऐकवली.

निवृत्त तारमास्तर
रामबागकर, तुमच्या कारागिराला माझा नमस्कार सांगा. भर एवढीच घालतो की असा तुकडा असेल तर आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच) बसवूनही भागत नाही: गळणारा करंट न्यूट्रलमधूनच परत जातो, त्याला फरक दिसतच नाही आणि तो पडत नाही.
धागाकर्तीबाई, वेगळी लाइन घ्यायचं ठरवलंत ते योग्य. १६ अँपिअरचा सॉकेट, अडीच एमएमची तांब्याची तार, डीबीत स्वतःचा १६ चा एमसीबी, आणि फेज-न्यूट्रलबरोबर हिरवी तार शेवटपर्यंत. फेज उजवीकडे, न्यूट्रल डावीकडे, स्विच फेजवर. स्विच न्यूट्रलवर गेला तर उपकरण बंद दिसतं पण आत फेज उभाच असतो. लोक एमसीबी माणसाला वाचवतो असं समजतात. तो तारेला वाचवतो. माणसासाठी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी. त्याचं टेस्टचं बटण अधूनमधून दाबत जा. आणि एमसीबी सारखा पडतो म्हणून ६ च्या जागी ३२ चा लावून देणारे महाभाग प्रत्येक मोहल्ल्यात आहेत. त्यानंतर एमसीबी पडत नाही हे खरं. भिंतीतली तार तापते.

भाड्याची_खोली, विजयनगर
मालकांनी भिंत फोडायला साफ नकार दिला. पीव्हीसीची केसिंग-पट्टी छताच्या कडेने फिरवली. दिसायला बेताची, पण कुठून काय गेलंय ते डोळ्यांना दिसतं आणि खिळा ठोकताना धास्ती नाही. घर सोडताना काढून नेता येईल असं मनाशी म्हटलंय.

देवासची_माहेरवाशीण
आमच्याकडे गीझरसाठी कोणी १६ चा प्लग ६ च्या सॉकेटमध्ये बसवायचा कन्व्हर्टर आणून दिला होता. काही दिवसांनी जळका वास येऊ लागला. सॉकेटचं एक भोक तपकिरी पडलं होतं आणि प्लास्टिक मऊ होऊन प्लग आतच चिकटला होता. तार अॅल्युमिनियमची निघाली, पुढे तांब्याचा तुकडा नुसता पिळून वर टेप. अशा जोडावर गंज धरतो, तो तापतो, तापला की आणखी सैल होतो. त्या खोलीची लाइन डीबीपासून तांब्याची करून घेतली. खर्चाला नवरा कुरकुरला. मी त्याला तो प्लग दाखवला, मग गप्प. सामान महारानी रोडवरून स्वतः आणलं. वायरवर आयएस ६९४ (वायरचं भारतीय मानक) आणि सॉकेटवर आयएसआयचा शिक्का बघूनच पैसे दिले. घरात लहान मूल असेल तर शटरवाला सॉकेट मागा, बारीक काडी आत जात नाही.

काकूंचा_इन्व्हर्टर
एक गोष्ट कोणीच लिहिली नाही. नवी लाइन इन्व्हर्टरच्या बाजूला जोडली आहे की सरळ मेनच्या, ते विचारून घ्या. आमच्याकडे बैठकीतला नवा पॉइंट जवळचा म्हणून इन्व्हर्टरच्या तारेवरून काढला. लाइट गेली, लेकाने १००० वॉटची इस्त्री लावली, इन्व्हर्टर किंचाळला आणि अख्खं घर अंधारात. दुसऱ्या एका नातेवाइकांकडे याउलट: फेज इन्व्हर्टरचा आणि न्यूट्रल दुसऱ्याच लाइनचा उचलला, तर आरसीसीबी उभाच राहीना. ज्या लाइनचा फेज, त्याच लाइनचा न्यूट्रल. आमचा पॉइंट मेनवर घेतल्यापासून ठीक आहे, आणि डीबीच्या झाकणात मी कुठला एमसीबी कुठल्या खोलीचा ते मार्करने लिहून ठेवलंय. मिस्त्री ते बघून हसला. पुढच्या वेळी आला तेव्हा त्यानेच आधी झाकण उघडलं.