इको कार्गोमध्ये झोपायची सोय: पिवळी पाटी असताना काय करता येतं?

दुकान_ते_डोंगर

नमस्कार मंडळी. मारुती इको कार्गो (बंद मालवाहू व्हॅन) आहे, पेट्रोल, पिवळी पाटी (व्यावसायिक नोंदणी). आठवडाभर दुकानाचा माल वाहते. सुट्टीला दोघांनी भंडारदरा, कोकण, फार तर गोव्यापर्यंत जाऊन गाडीतच झोपावं एवढाच बेत आहे. गॅरेजवाला म्हणतो, छत कापून पंखा बसवू, बाजूला खिडकी काढू, मागे एक सीट टाकू आणि पुढे-मागे पांढरी (खासगी) पाटीही करून घेता येईल. यातलं कायद्यात काय बसतं? आणि सोमवारी माल भरायला गाडी परत रिकामी हवी, तर बेड कसा करावा? लहान फ्रिज, पंखा आणि दिवे चालतील एवढी वीजही हवी आहे.

पासिंगवाला

आधी गॅरेजवाल्याला थांबवा.

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की कंपनीने दिलेल्या आणि आरसीवर (नोंदणी प्रमाणपत्रावर) नोंदलेल्या तपशिलाशी जुळणार नाही असा बदल मालकाला करता येत नाही. कलम १८२अ(४) प्रमाणे त्याला दर बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. खिडकी कापणं, मागे सीट टाकणं हे सरळ यात येतं. सीट तर विसराच. आरसीवर आसनसंख्या चालक धरून दोन असेल, तर मालाच्या जागेत तिसरा माणूस बसवून गाडी चालवता येत नाही, मग ती सीट कितीही पक्की असो.

पांढरी पाटी म्हणजे नुसता रंग बदलणं नव्हे. गाडीला मान्यता मालवाहू म्हणून मिळालेली आहे. 'खासगी वापराची कॅम्पर व्हॅन' हा प्रकार बिगर-वाहतूक गाड्यांच्या यादीत आहे, पण मोटर कॅराव्हॅनसाठी (राहण्याची सोय असलेल्या गाडीसाठी) एआयएस-१२४ हे वाहन उद्योगाचं वेगळं मानक आहे आणि त्याची मान्यता पुण्याच्या एआरएआयसारख्या चाचणी संस्थेकडून लागते. नाक्यावरच्या गॅरेजच्या हातातलं ते काम नाही आणि एका इकोसाठी तो खर्च परवडणारा नाही.

पिवळ्या पाटीवर सुट्टीला फिरायला मात्र आडकाठी नाही. माल असलाच पाहिजे असा नियम नाही. एकूण वजन ३,००० किलोपर्यंतच्या मालवाहू गाडीला कलम ६६(३) प्रमाणे परमिट लागत नाही आणि इको त्याच्या कितीतरी खाली आहे. साधं एलएमव्ही (हलक्या गाडीचं) लायसन्स पुरतं, व्यावसायिक चालकाच्या बॅजची भानगड नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ते पुन्हा स्पष्ट केलं. फिटनेस प्रमाणपत्र (गाडीचं पासिंग) मात्र चुकवू नका: गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी, पुढे दरवर्षी. आणि समृद्धीवर गाडी ८० च्या पुढे जात नाही म्हणून स्पीड गव्हर्नर काढायला जाऊ नका, तो मालवाहू गाडीला सक्तीचा आहे.

एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. मालवाहू गाडीच्या थर्ड पार्टी विम्यात चालकाशेजारी बसलेला मालाचा मालक किंवा त्याचा प्रतिनिधी धरला जातो, सहज सोबत आलेला माणूस नाही. सहलीला घरची मंडळी शेजारी बसणार असतील तर त्यांचा व्यक्तिगत अपघात विमा वेगळा काढा. तो वर्षाला फार महाग पडत नाही.

रंधा_पटाशी

मग काम सुट्या किटचंच करायचं: गाडीला एकही नवीन भोक नाही आणि दोन माणसांनी दहा मिनिटांत उचलून बाहेर ठेवता येईल असं.

पहिल्यांदा माप. कॅटलॉगमधली लांबी धरू नका. पार्टिशनपासून (पुढच्या सीट आणि मालाच्या जागेमधल्या आडोशापासून) बंद मागच्या दरवाजाच्या आतल्या पत्र्यापर्यंत, गादी जिथे येईल त्या उंचीवर मोजा. दरवाजा वर आत झुकतो, त्यामुळे जमिनीवरचं माप फसवतं. पुढच्या सीट किती सरकतात तेही बघा. गाडीची बाहेरची रुंदीच १,४७५ मिमी आहे, म्हणजे मोठ्या माणसाला आडवं झोपणं शक्य नाही. गाडीच्या लांबीतच झोपायचं, आणि उंच माणसाने जरा तिरकं.

ढाचा असा: दोन लांब पेट्या, एक डावीकडे, एक उजवीकडे, चाकाच्या कमानीला लागून. उंची ३० सेंमीच्या आसपास ठेवा, म्हणजे २० लिटरचा चपटा कॅन आडवा आत जातो आणि गादीवर बसल्यावर डोक्याला शक्य तितकी जागा उरते. मधल्या मोकळ्या जागेवर पट्ट्यांची फळी: दिवसा पेटीवर दुमडून ठेवायची, रात्री पसरायची. पट्ट्या ६० ते ७० मिमी रुंद, मध्ये २० मिमी फट. ही फट शोभेची नाही. अंगाची वाफ गादीतून खाली उतरते आणि अखंड प्लाय असेल तर गादीच्या पोटाला बुरशी धरते, कोकणात आठवड्यात. पेटीचं झाकण अखंडच राहत असेल तर त्याला होल-सॉने २५ मिमीची भोकं पाडा.

प्लाय १२ मिमी, बीडब्ल्यूपी (उकळत्या पाण्यातही टिकणारा), आयएस ७१० शिक्का असलेला. दुकानदार आयएस ३०३ चा एमआर (नुसता ओल सोसणारा) गळ्यात मारायला बघेल. तो पावसाळ्यात कडेला फुगतो. १८ मिमी नको. ८x४ ची १२ मिमी शीट साधारण २२ किलोची, १८ मिमीची ३३ च्या घरात. अडीच शीटमध्ये काम होतं. कापलेल्या कडांना पीयू पॉलिशचे दोन हात द्या, पाणी कडेतूनच शिरतं. गादी ४ इंच, ३२ डेन्सिटीचा साधा फोम, तीन तुकड्यांत. रिबॉन्डेड फोम टिकतो खरा, पण उचलताना जीव जातो.

पेट्या बांधायच्या कुठे? पार्टिशनचे आणि कंपनीने आधीच दिलेले बोल्टपॉइंट वापरा, एम८ आयबोल्ट आणि रॅचेट पट्टा. जमिनीत ड्रिल घालू नका, खालून ब्रेकचे पाइप आणि पेट्रोलची लाइन जाते. आणि पट्टा आळशीपणाने सोडू नका. भरलेली पेटी ४० किलोची होते, जोरात ब्रेक लागला की ती थेट तुमच्या पाठीवर.

बारा_व्होल्ट

विजेचा हिशेब आधी कागदावर. लहान कॉम्प्रेसर फ्रिज ४५ वॅटचा आणि उन्हाळ्यात निम्मा वेळ चालू धरा: दिवसाला साधारण ५४० वॅट-तास. १२ वॅटचा पंखा ९ तास: सुमारे ११०. दिवे ४०, दोन मोबाइल ४०. बेरीज ७३०. १०० एएचची (अँपिअर-तासांची) लिथियम फॉस्फेट बॅटरी १,२८० वॅट-तासांची, त्यातले १,००० धरा. म्हणजे गाडी न हलवता जेमतेम सव्वा-दीड दिवस. फ्रिजऐवजी बर्फाची पेटी नेलीत तर ३० एएचमध्ये रात्र निघते आणि खर्च खूपच खाली येतो. एका मुक्कामासाठी मी तरी बर्फच सुचवीन.

गाडीच्या बॅटरीला फ्रिज जोडू नका, सकाळी धक्का मारावा लागेल. दुसरी बॅटरी २० अँपिअरच्या डीसी-डीसी चार्जरवरून (गाडीच्या विजेवर चालणारा, करंटला मर्यादा घालणारा चार्जर) चार्ज करा. नुसता रिले (आपोआप जोडणारा स्विच) लावून दोन्ही बॅटऱ्या जोडणारे भेटतील. रिकामी लिथियम बॅटरी इतका करंट ओढते की छोटा अल्टरनेटर तापून जातो.

वायर १० चौ. मिमी तांबं. जाऊन-येऊन ८ मीटर लांबी आणि २५ अँपिअर धरले तर व्होल्टेज सुमारे ०.३७ ने पडतं, ४ चौ. मिमीमध्ये तेच ०.९ पडतं आणि वायर हाताला गरम लागते. फ्यूज दोन्ही टोकांना, बॅटरीपासून वीतभराच्या आत, ४० अँपिअर. घरातल्या एसी करंटची एमसीबी इथे लावू नका, डीसीचा आर्क ती नीट तोडत नाही. वायरच्या टोकाचे लग क्रिम्प करा (दाबून बसवा), नुसते सोल्डर केलेले जोड हादऱ्याने तुटतात. पत्र्यातून वायर नेताना आधीचं ग्रोमेट (भोकाला बसवलेली रबरी कडी) शोधा.

इकोचं इंजिन पुढच्या सीटखाली आहे, तेव्हा सीटमागची जागा रिकामी दिसते म्हणून बॅटरी तिथे चिकटवू नका. ठरावीक तापमानाच्या वर बीएमएस (बॅटरीतलं संरक्षण सर्किट) चार्जिंग बंद करतं आणि माणूस चार्जर बिघडला समजून बसतो. मागे, पेटीत, हवा खेळेल अशी ठेवा. सोलर हवं असेल तर १०० वॅटचं घडीचं पॅनेल जमिनीवर लावा. स्वच्छ उन्हात दिवसाला ३५० वॅट-तासांच्या आसपास देतं, पावसाळ्यात त्याच्यावर विसंबू नका.

दुकान_ते_डोंगर

फ्रिज रद्द, बर्फाची पेटी नक्की. पण छताला पंखा नाही तर रात्री हवा कशी येणार? मागे खिडक्याच नाहीत. इंजिन चालू ठेवून एसी लावला तर?

पासिंगवाला

इंजिन चालू ठेवून बंद गाडीत झोपायचं नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि तुमचं इंजिन तर केबिनच्या खालीच आहे.

रंधा_पटाशी

पुढच्या दोन्ही दारांच्या काचा वापरा. पुठ्ठ्याचा नमुना कापून त्यावरून ४ मिमी ॲक्रिलिकची फळी करा, काच वीतभर खाली घेतली की वर बसेल अशी. प्रत्येक फळीत १२० मिमीचा १२ व्होल्ट कॉम्प्युटर पंखा, पंख्याच्या बाहेर मच्छरजाळी. एक पंखा आत हवा घेणारा, दुसरा बाहेर टाकणारा. दोन्ही एकाच दिशेला लावले तर हवा फिरत नाही. बाहेरून रेन व्हायझर हवाच, नाहीतर पाऊस पंख्यावर. पार्टिशन जाळीचं नसून बंद पत्र्याचं असेल तर ही युक्ती फुकट, मग मागचा दरवाजा फटीवर अडकवून त्याला जाळी लावावी लागेल.

दोन माणसांच्या श्वासातून आणि घामातून रात्रीत अर्धा लिटर तरी पाणी हवेत जातं. ते थंड पत्र्यावर साचतं. म्हणून पत्र्याला ग्लासवूल नको, ओलं धरून आतून गंज आणतं. १० मिमी नायट्राइल रबर शीट, बंद पेशींची, मागे चिकट असलेली घ्या. आधी पत्रा थिनरने पुसा. तळाची पाणी जायची भोकं कुठे आहेत ते बघून ती मोकळी सोडा.

बारा_व्होल्ट

स्वयंपाक बाहेर, मागचा दरवाजा वर करून त्याच्या आडोशाला. एलपीजी हवेपेक्षा जड, गळती झाली तर गाडीच्या तळाला साचते, म्हणून रात्री ५ किलोची टाकी आत ठेवू नका. ब्युटेनचे छोटे कॅन थंडीत दम टाकतात, शून्याच्या जवळ ते उकळतच नाहीत. डिसेंबरात भंडारदऱ्याच्या पहाटे कॅन कोमट पाण्याच्या भांड्यात ठेवावा लागतो. भंडारदऱ्याचा बराचसा परिसर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, तेव्हा मुक्काम धरणाकाठच्या पैसे घेणाऱ्या कॅम्पवर करा. गोव्यात किनाऱ्यावर गाडी घालणं आणि उघड्यावर चूल मांडणं, दोन्हीला दंड आहे. तिथे अंगण असलेलं होमस्टे शोधा आणि शौचालय वापरायचे पैसे आधीच ठरवा.