मदत हवी आहे: आय५-४५९० वर व्हीआर चालवायचंय, फक्त ग्राफिक्स कार्ड बदलून भागेल का?

तिसरी_घंटा:
नमस्कार मंडळी. अमेरिकेतल्या मावसभावाने नवा हेडसेट घेतला आणि जुना क्वेस्ट २ (मेटाचा व्हीआर हेडसेट) मला दिला. त्यावरचे स्वतंत्र खेळ मस्त चालतात, पोरं तर सोडतच नाहीत. मला मात्र हाफ-लाइफ: अ‍ॅलिक्स हा व्हीआर गेम खेळायचाय, आणि तो कॉम्प्युटरशिवाय चालत नाही.

डेस्कटॉप असेंबल केलेला आहे. आय५-४५९० प्रोसेसर, एच८१ चा मदरबोर्ड, ८ जीबी डीडीआर३ रॅम, जीटीएक्स ७५० टीआय ग्राफिक्स कार्ड, ४५० वॅटचा लोकल एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा), विंडोज १०. एसएसडी नंतर टाकली. २०१६ मध्ये पहिला ऑक्युलस रिफ्ट आला तेव्हा शिफारस केलेला प्रोसेसर हाच होता, म्हणून जीव अडकलाय. पण अ‍ॅलिक्ससाठी किमान आय५-७५००, १२ जीबी रॅम आणि ६ जीबीचं जीटीएक्स १०६० सांगतात.

बजेट ताणून चाळीस हजार. दुकानदार म्हणतो, "आरटीएक्स ३०६० कार्ड टाका, बाकी कशाला हात लावू नका." सेकंडहँडमध्ये आरएक्स ६६०० कार्ड त्याहून स्वस्त दिसतंय. काय करू?

लॅमिंग्टन_रोडवाला:
६६०० चांगलं कार्ड आहे, पण या बोर्डावर नको. ते आठच लेन (डेटा जायच्या वाटा) वापरतं आणि बनलंय पीसीआयई ४.० साठी, म्हणजे कार्डाच्या स्लॉटच्या नव्या, वेगवान आवृत्तीसाठी. एच८१ चा लांब स्लॉट २.० चा असतो, म्हणजे त्याला मूळच्या पाव बँडविड्थ मिळणार. ३०६० सोळा लेनचं आहे, त्याची अडचण कमी होईल.

आणि कोणी आरएक्स ६४०० किंवा ६५०० एक्सटी गळ्यात मारू लागला तर सरळ उठून या. त्यांत व्हिडिओ एन्कोडरच (चित्र दाबून लहान करणारा भाग) नाही. क्वेस्टला केबल लावली तरी ती मॉनिटरच्या एचडीएमआयसारखी नसते. चित्र कॉम्प्युटरवर एन्कोड होतं, यूएसबी किंवा वायफायवरून जातं आणि हेडसेटमध्ये उलगडतं. एन्कोडर नाही तर खेळ संपला.

अनुस्वार:
कार्डाचं बरोबर, पण एसएमपीएसचं कोणीच बोलत नाही! ३०६० एकटं १७० वॅट घेतं, एनव्हीडिया ५५० वॅटचा पुरवठा सुचवते. तुमच्या ७५० टीआयला बहुधा वेगळी वायरही लागत नसेल, म्हणून आजवर निभावलं. डब्याच्या लेबलवर १२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर लिहिलंय ते बघा, वरच्या मोठ्या आकड्याला भुलू नका. कार्डाची वायर मोलेक्सवरून (जुन्या चार पिनच्या जोडणीवरून) जोडून देतो म्हणणाऱ्याला हात जोडा.

उधारीचा_प्रोसेसर:
मी जरा वेगळं सांगतो. ९० हर्ट्झला एका फ्रेमला फक्त ११.१ मिलिसेकंद मिळतात. मॉनिटरवर खेळ अडखळला तर आपण शिव्या घालतो, हेडसेटमध्ये अडखळला तर पोटात ढवळतं. ४५९० मध्ये चार कोर, चारच थ्रेड (एका वेळी चालणारी कामं). त्याच सॉकेटमध्ये (मदरबोर्डावरच्या प्रोसेसरच्या खाचेत) जुना आय७-४७७० किंवा ४७९० बसतो, आठ थ्रेड मिळतात आणि सेकंडहँडमध्ये फार महाग नसतो. रॅम १६ जीबी करा, एच८१ ला तेवढीच कमाल आहे. मग हेडसेट ७२ हर्ट्झवर ठेवा, एका फ्रेमला १३.९ मिलिसेकंद होतात. अ‍ॅलिक्स २०२० चा आहे, तेवढ्यात निभेल असं मला वाटतं.

लॅमिंग्टन_रोडवाला:
@उधारीचा_प्रोसेसर, मेलेल्या सॉकेटमध्ये पैसे का घालायचे? विंडोज १० चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि इंटेलच्या चौथ्या पिढीला (४५९० त्यातलाच) विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही. आय७ चे पैसे राखून ठेवा, पुढे नवा बोर्ड आणि आय५-१२४००एफ प्रोसेसर घ्या. सहा कोर, बारा थ्रेड. कार्ड आणि एसएमपीएस आत्ता घेतले तर तेच नव्या बोर्डावर जातील.

उधारीचा_प्रोसेसर:
सगळ्यांचं "पुढे" लवकर येत नाही हो दादा.

तिसरी_घंटा:
दोघांचं पटतंय, पंचाईत झाली. लेबल पाहिलं: १२ व्होल्टला २५ अँपिअर, आणि कार्डासाठी एकच सहा पिनची वायर. म्हणजे ५५० वॅटचा चांगल्या कंपनीचा एसएमपीएस आधी. मग सेकंडहँड ३०६० आणि ८ जीबीची आणखी एक रॅम. प्रोसेसर आहे तोच ठेवून बघतो, अगदीच रडला तर आय७ चा विचार करीन. वायफाय चालेल की केबलच घेऊ?

अनुस्वार:
राउटर ५ गिगाहर्ट्झचा, हेडसेटच्या खोलीतच, आणि कॉम्प्युटर राउटरला लॅन केबलने जोडलेला, एवढं जमलं तर वायफाय पुरेल. स्टीम लिंक (कॉम्प्युटरवरचा खेळ वायफायने हेडसेटवर आणणारं अ‍ॅप) क्वेस्टवर फुकट आहे, आधी त्यावर बघा. राउटर दुसऱ्या खोलीत असेल तर टाइप-सी केबल घ्या आणि मागच्या निळ्या यूएसबी पोर्टला लावा.

जाण्याआधी कॅबिनेटमधली जागा मोजा, तीन पंख्यांची कार्डं लांब असतात. आणि ३०६० हे ८ जीबीतही येतं, ते हळू आहे. विकणाऱ्यासमोर जीपीयू-झेड (कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर) उघडून १२ जीबी दिसतंय का बघा, पंधरा-वीस मिनिटं फुल लोडवर चालवून पंख्यांचा आवाज ऐका आणि मूळ बिल मागा.

तिसरी_घंटा:
राउटर हॉलमध्ये, कॉम्प्युटर आतल्या खोलीत. म्हणजे केबलच. रविवारी कार्ड बघायला जातोय, किंमत कळली की इथेच टाकतो.