ज्वालामुखी: गर्दीत ज्योती निसटतात

हिमाचलातल्या कांगडा भागातल्या ज्वालामुखी देवीच्या देवळाबद्दल कुणीतरी लिहिलंय की तिथे मूर्तीच नाही, त्यामुळे दर्शन पाच मिनिटांत उरकतं. उरकतं खरं, पण घाई करू नका. तिथे देवी म्हणून ज्योतींचीच पूजा होते; खडकाच्या भेगांतून येणाऱ्या नैसर्गिक वायूवर त्या जळतात. मुख्य ज्योत लगेच दिसते, पण बाकीच्या कोनाड्यांतल्या काही अगदी बारीक, निळसर असतात आणि रेटारेटीत नजरेतून सुटतात. जरा वाकून बघा.

आणि गोरख डिब्बी कुणीच सांगितली नाही! देवळाच्याच आवारातलं हे कुंडाचं छोटं ठिकाण, थोड्या पायऱ्या चढून वर आहे. तिथल्या कुंडातलं पाणी खदखदताना दिसतं, हात लावला तर गार. माझ्या आईला देवळाइतकंच ते भावलं. कांगड्याच्या ब्रजेश्वरीलाही जरूर जा; १९०५च्या भूकंपात कोसळलेलं ते देऊळ नंतर पुन्हा उभारलं गेलंय.