दुर्बिणीचं फोकसचं चाक अडतंय

वडिलांची जुनी १०×५० दुर्बीण रविवारी पहाटे नांदूरमध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात नेली. निफाडची थंडी, चाक हलेचना! समोरून चमचा पक्ष्यांचा थवा गेला, मी चाकाशीच झटत बसलो. घरी उन्हात ठेवल्यावर जरा फिरलं. शिवणयंत्राचं तेल सोडू का?

— तेल अजिबात नको. पातळ तेल झिरपत आतल्या प्रिझमच्या काचेवर गेलं की कायमचं धुकं. (स्वानुभव. हसू नका.) फिरवताना करकर येते का? तसं असेल तर आत वाळू गेलीय.

— करकर नाही दादा, गुळाच्या पाकात बोट फिरवल्यासारखं लागतं.

— मग जुनं ग्रीसच आळलंय. जोर लावू नका, आटे जातील. खोलून, पुसून नवं ग्रीस. पण ते जाणकाराकडूनच. तोवर पहाटे जॅकेटच्या आत ठेवा.