मदत हवी आहे: संघ कंपनीकडे गेला तर क्लबचं नाव आणि रंग कसे राखायचे?

नमस्कार मंडळी. गोव्यातल्या बार्देशातला आमचा गावचा फुटबॉल क्लब १८६० च्या सोसायटी नोंदणी कायद्याखाली नोंदलेला आहे. एक मोठे गुंतवणूकदार नवी कंपनी काढून संघ तिच्याकडे घ्यायचं म्हणतात. पैसा हवाच आहे. गोलची जाळी इतकी फाटलीय की बॉल आत गेला की बाहेरून, यावर भांडणं होतात. त्यामुळे विरोध नाही. भीती आहे ती नावाची आणि हिरव्या-पांढऱ्या जर्सीची. वेल्समधल्या कार्डिफ सिटी या फुटबॉल क्लबची निळी जर्सी मालकाने २०१२ मध्ये लाल केली, ती परत निळी व्हायला २०१५ उजाडलं.

कार्यकारिणीने कराराचा मसुदा वाचून दाखवला, प्रत मागितली तर दिली नाही. आमची नियमावली मी पूर्ण वाचली, संघ हस्तांतराबद्दल त्यात एक ओळ नाही. कायद्याच्या कलम १२ प्रमाणे संस्थेचे उद्देश बदलायला दोन विशेष सभा आणि तीन-पंचमांश मतं लागतात, एवढं कळलं. सभा पंधरा दिवसांवर आहे, वकिलाची फी आत्ता परवडत नाही.

नुसता संघ कंपनीला देणं कलम १२ मध्ये बसतं का? आणि सभासदांच्या मताशिवाय नाव-रंग बदलू नयेत म्हणून करारात नेमकं काय लिहून घ्यावं?