जुने हेड बोल्ट परत घालावेत का?

प्रश्न: इंजिनाचं हेड (सिलिंडरवरचं झाकण) उतरवलंय. बोल्ट चकाचक दिसतात, डोक्यावर 10.9 (मजबुतीचा दर्जा) कोरलंय. तेच परत घातले तर चालतील का?

उत्तर १: चकाकीवर जाऊ नका. नव्या बोल्टच्या आट्यांत जुन्याचे आटे बसवून उजेडाकडे धरा. फट दिसली की तो ताणला गेलाय. आणि घट्ट करताना शेवटी ठरावीक अंशांच्या कोनात फिरवायचे असतील, तर ते सहसा एकदाच वापरायचे असतात, नवेच घ्या. माझ्या हातात असा एक शेवटच्या फेरीला एकदम मऊ पडला आणि तुटला. ब्लॉकमध्ये अडकलेला तुकडा काढण्यात अख्खा दिवस गेला हो.

उत्तर २: आत नायलॉनचं कडं असलेले, सैल न होणारे नटही बघा. आट्यांवर बोटांनी पूर्ण फिरले तर पकड गेली, टाकून द्या.

प्रश्नकर्ता: आत्ता बघितलं, सहाव्या बोल्टला मधेच कंबर आलीये, म्हणजे ताणून बारीक झालाय! सगळे नवे मागवतो.